पद्माक्कांच्या शाली

पद्माक्कांची शोकसभा पहिल्या मजल्यावर ठेवली होती. जिना अरुंद, लिफ्ट नाही. म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायला आम्ही जमलो होतो, त्या हयात असत्या तर त्यांना या सभेला येता आलं नसतं. खाली जिन्यापाशी चाकाची खुर्ची लावून त्या बसल्या असत्या आणि सभा संपवून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असतं, "काय म्हणाले गं वर?"

वर बरंच काही म्हणाले. 'जिद्द' हा शब्द प्रत्येक वक्त्याने वापरला. एकाने तर आक्कांनी पायऱ्यांवर पायऱ्या चढत यशाचं शिखर गाठलं असं सांगितलं. पोलिओ झालेल्या, लहानपणापासून पायाला आधाराचे कॅलिपर आणि कुबड्या वापरलेल्या आणि पन्नाशीनंतर खुर्चीत बसलेल्या बाईबद्दल ही उपमा सुचायला माणूस मोठाच वक्ता असावा लागतो. शेवटी त्यांच्या फोटोला शाल घालण्यात आली. तेव्हा मात्र मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या शालीचं मला हसू का आलं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पद्माक्का मूळच्या निपाणीकडच्या, जैन घरातल्या. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. बेळगावला आमच्या हायस्कुलात त्यांनी निवृत्त होईपर्यंत सायन्स शिकवलं. मी त्याच शाळेचं ऑफिस सांभाळते. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत आणि घंटा झाली की निपाणीचं. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणत. हिंडलग्याला तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. "जेलच्या शेजारी कशाला घर घेतलंत?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "त्या जेलचं दार बघितलंस काय? गाडी सरळ आत जाते. एखाद्याला आत घ्यायचंच असलं की कशी सोय होते बघ."

असं त्यांचं बोलणं. आवाज कधी चढायचा नाही. शाळेत नवीन बेसिन बसवलं, ते त्यांच्या डोक्याच्या उंचीला आलं. त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छान. आता फोटो काढा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ज्या कामाचा कोणालाही काही उपयोग नाही, अशा प्रत्येक कामाचं उद्घाटन त्या या वाक्याने करत. हेडमास्तरांना बरेच दिवस ते कौतुक वाटायचं.

सायन्सच्या शिक्षिका असल्यामुळे मदत करणाऱ्या माणसांचं त्यांनी वर्गीकरण केलं होतं. उचले, ढकले आणि थोपटे. उचले लोक विचारायच्या आत तुम्हाला काखेत हात घालून उचलतात. ढकले खुर्चीच्या मागे येऊन, तुम्हाला जायचं नसलं तरी, रस्ता ओलांडून देतात. थोपटे काहीच करत नाहीत, फक्त डोक्यावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणतात. "आणि चौथी जात?" मी विचारलं. "विचारे. 'आक्का, काय करू?' असं विचारणारे. दुर्मीळ हाय गं. या भागात आढळत न्हाय." मी स्वतः कुठल्या जातीत येते हे विचारायचं धाडस मी केलं नाही. मला त्या 'यादीबाई' म्हणत. सहल असो, परीक्षा असो, मी यादी केल्याशिवाय कामाला हात घालत नाही, त्यावरून.

दरवर्षी नववीची सहल गुंजीच्या पुढे एका राखीव रानात जायची. रानाचं नाव लिहीत नाही, तिथले साहेब लोक फार हळवे आहेत. आत एक तळं आहे. कडेला जुनी झाडं, हिवाळ्यात पाणपक्षी. शाळेत त्या तळ्यावर आक्का दोन तास शिकवायच्या: पाणकावळा पंख पसरून का वाळवतो, कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब का, तळ्याचा काठ आणि मधलं पाणी यात राहणारे जीव वेगळे का. पोरं खूष. मग सहल निघायची, बस रानाच्या फाटकाशी थांबायची आणि पोरं दगडी पायऱ्या उतरून तळ्याकडं पळायची. आक्का बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागची सीट, खिडकीपाशी. तिथून पार्किंग दिसायचं आणि लघवीला आलेले इतर शाळांचे ड्रायव्हर.

पोरं परत आली की त्या एकेकाला विचारायच्या, "काय बघितलंस?" एकदा एक पोरगा छाती काढून म्हणाला, "टीचर, मोर बघितला. पाण्यात पोहत होता."

"पोहत होता? आणि पिसारा?"

"वर धरला होता टीचर, भिजू नये म्हणून."

बस हसून हसून कोसळली. आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बसमधी बसलोय म्हणून कायबी सांगू नकोस रं. मी बघितलं न्हाय, पण मला माहीत हाय." तो पोरगा मल्लाप्पा. आता वडगावात त्याचे स्वतःचे माग आहेत, साड्या पोचवायला टेम्पो आहे. तो पुढे परत येणार आहे, म्हणून नाव सांगून ठेवते.

इतक्या वर्षांत आक्का एकदाही तळ्यापर्यंत गेल्या नाहीत. पोरं म्हणायची, "टीचर, आम्ही उचलून नेतो की." त्या नको म्हणायच्या. मला ते अडेलपणाचं वाटायचं. पाच मिनिटांचा प्रश्न, चार धट्टीकट्टी पोरं, काम संपलं. माझ्या यादीत ते बसत होतं. एकदा मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला उचलून नेलं तर खाली कधी ठेवायचं, कुठं ठेवायचं आणि परत कधी उचलायचं, ते उचलणारा ठरवणार. मला पाण्याच्या काठाला जायचंय, आणि मला वाटंल तेवढं बसायचंय. हे वाटंल तेवढं कुठल्या खांद्यावर मिळतंय सांग."

मी माझ्या यादीतून ती चार पोरं खोडली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वनखात्याला अर्जांवर अर्ज केले. तळं सर्वांचं आहे ना, मग सर्वांना जाता येईल असं काहीतरी करा. आश्चर्य म्हणजे खात्याने मनावर घेतलं. दिव्यांग दिनाचा मुहूर्त गाठून तळ्याच्या वरच्या अंगाला एक रॅम्प बांधला आणि रॅम्पच्या वर तळं बघायला एक सज्जा. सोबत पाट्या आल्या. आमच्याकडं पाटीवर काय लिहायचं यापेक्षा कुठल्या भाषेत लिहायचं हा प्रश्न मोठा. त्यावरून दोन बाजूंनी निवेदनं गेली. चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र तेवढं बिनविरोध लागलं, कारण त्यात अक्षर नव्हतं.

उद्घाटनाला आक्का प्रमुख सत्कारमूर्ती. फाटकावरचा गार्ड धावत आला, "बर्री टीचर, कुंद्री, कुंद्री." या, बसा, बसा.

"मी बसूनच आलोय रे बाबा," आक्का म्हणाल्या.

व्यासपीठ तीन पायऱ्या उंच होतं, त्यामुळे साहेबांना सत्कारासाठी खाली उतरावं लागलं. त्याचं निवेदकाने फार कौतुक केलं: साहेब स्वतः खाली आले. शाल, नारळ, फेटा, भाषण. मग फीत कापायला सगळे रॅम्पकडं वळले आणि तिथं आम्हाला कोनशिला दिसली. चांगली माणसाच्या छातीएवढी, काळ्या दगडाची, सर्वांची नावं सोनेरी अक्षरांत. सगळ्यांना दिसावी म्हणून रॅम्पच्या अगदी तोंडाशी, मधोमध रोवली होती. डाव्या बाजूने एक माणूस जाईल, उजव्या बाजूने एक माणूस जाईल. खुर्ची कुठूनच जाणार नाही.

आक्कांनी ती नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग रेंजर साहेबांना विचारलं, "हा दगड माझ्यासाठी ठेवलाय काय?"

"तुमच्याच कार्यक्रमाचा आहे टीचर," रेंजर म्हणाले. तरुण होते, मनाने वाईट नव्हते.

"छान. आता फोटो काढा."

फोटो काढले. शिला, शिलेच्या मागे रॅम्प, शिलेच्या पुढे आक्का. कोणीतरी म्हणालं, पोरांनो, उचला रे आक्कांना. आक्कांनी चाकाला ब्रेक लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. परतीच्या वाटेवर खानापूर ओलांडल्यावर एवढंच म्हणाल्या, "शाल गरम हाय."

पुढच्या वर्षी ती शिला हलली. आमच्यासाठी नव्हे. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना आपलं नाव हवं होतं आणि नवी शिला भिंतीत बसवायची असं ठरलं. बदली ही आमच्या भागातली एकच गोष्ट आहे, जिच्यामुळे दगड हलतो. आक्का लगेच म्हणाल्या, "चल. तिसरा साहेब यायच्या आत." मल्लाप्पाचा टेम्पो घेतला. या वेळी त्या स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत रॅम्प चढल्या. चढ असा होता की बांधणाऱ्याने घसरगुंडीच्या अनुभवावर बांधला असावा. तीनदा थांबल्या. मल्लाप्पाचे हात नुसते शिवशिवत होते. "तू खाली बघ," असं आक्कांनी त्याला सांगितलं होतं, म्हणून तो बिचारा मुंग्या बघत चालला होता.

वर पोचलो. सज्ज्याला सिमेंटचा कठडा होता. उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडा वर, भक्कम. सुरक्षेचा विचार केलेला दिसत होता. मी उभी होते, मला तळं दिसलं: सगळं तळं, पलीकडची झाडं, पाण्यावर ऊन. मी सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण आक्कांच्या डोळ्यांसमोर सिमेंट होतं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची आणि कठड्याची उंची यांचा असा मेळ मुद्दाम ठरवून जमला नसता. रॅम्प खुर्चीवाल्यांसाठी आणि सज्जा त्यांना ढकलत आणणाऱ्यांसाठी.

"काय दिसतंय?" आक्कांनी विचारलं.

मल्लाप्पा पटकन म्हणाला, "पाणी हाय टीचर. बदकं हाईत. मोर—"

"गप रं."

कठड्यात गुडघ्याच्या उंचीला शोभेची चौकोनी भोकं ठेवली होती. आक्का पुढं वाकल्या आणि एका भोकाला डोळा लावून बसल्या. बराच वेळ. मला वाटलं त्या रडताहेत, म्हणून मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात आवाज आला, "यादीबाई, इकडं ये. वाक. म्हशी बघ."

मी वाकले. भोकातून तळ्याची पलीकडची बाजू दिसत होती. ती रानाच्या कुंपणाबाहेर, गावाचं गायरान. तिथून म्हशींचा कळप पाण्यात उतरत होता. एकामागून एक, संथ, पाय न अडखळता.

"म्हस पायऱ्या उतरती काय?"

"नाही."

"उडी मारती काय?"

"नाही आक्का."

"मग वाट कशी असंल?"

मी उठून उभी राहिले. एवढी वर्षं शाळा, खातं, साहेब, अर्ज, रॅम्प; आणि तळ्याला एक बिनपायऱ्यांची, लांबलचक उताराची वाट आधीपासूनच होती. म्हशींनी तिचं उद्घाटन केलं नव्हतं, म्हणून ती कोणाला माहीत नव्हती.

त्या पावसाळ्यात आक्कांचे खांदे दुखायला लागले. आधी कुबड्या, मग चाकं, सगळा भार त्या खांद्यांनीच वाहिला होता. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची चालवणं हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. निपाणीच्या भावाने, आता तू आमच्याकडंच ये, म्हणून निरोप पाठवला. म्हणजे यापुढं ढकलेच. दिवाळीनंतर भाऊ न्यायला येणार होता. दिवाळीच्या आधी आक्कांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "कर यादी."

मी केली. पाणी, डबा, छत्री, चाकाला हवा भरायचा पंप, फळी. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "फळी खोड. पलंगाखालची पेटी काढ."

पेटीत शाली होत्या. जन्मभराचे सत्कार. जागतिक दिव्यांग दिन, शिक्षक दिन, रौप्यमहोत्सव, कुठल्यातरी मंडळाचा आदर्श पुरस्कार. ज्यांनी ज्यांनी काही करायचं टाळलं, त्या प्रत्येकाने एकेक शाल दिली होती. बहुतेक घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"पाण्याजवळ म्हशींनी चिखल केला असणार," आक्का म्हणाल्या. "तिथं चाक रुतंल."

मल्लाप्पा विणकर. त्याने एक शाल हातात घेऊन चुरगाळली, उजेडात धरली. "टीचर, समदी पॉलिस्टर हाय. जर बी खोटी. पाण्यात कायबी व्हणार न्हाय हिला."

"बघ. सत्कार टिकाऊ केलाय माझा."

आम्ही गेलो तेव्हा दुपार उतरली होती. गावातून गायरानापर्यंत टेम्पो गेला. म्हशींचा मालक लुमाण्णा तिथंच बांधावर बसला होता. खुर्ची बघून तो उठला आणि म्हणाला, "हितं न्हाय. म्हशी बुजतील."

आक्कांनी विचारलं, "बुजल्या तर काय करतील?"

"पाण्यातनं भाईर येतील न्हवं."

"मग मी थांबतो. त्यांना सवय होऊ दे. अण्णा, तुमचं नाव काय? कुठली म्हस पहिल्यांदा उतरती?" आणि त्या लुमाण्णाशी म्हशींबद्दल बोलत बसल्या. कोणती पुढारी, कोणती आळशी. घटकाभराने तोच म्हणाला, "टीचर, आता जावा. ती मोठी बघाली न्हाय तुमच्याकडं."

वाट घट्ट होती. वर्षानुवर्षं खुरांनी दाबलेली. आक्कांनी चाकं स्वतः फिरवली. उतार एवढा हलका की ब्रेक लावायची वेळ आली नाही. मी छत्री धरून शेजारी, मल्लाप्पा शाली घेऊन पुढं. पाण्याच्या अलीकडं खरोखरच चिखल होता. मल्लाप्पा शाल हातात धरून उभाच राहिला. विणकराचा हात, कापड चिखलात टाकायला धजेना.

"टाक की."

"टीचर, सत्काराची हाय."

"म्हणूनच टाक. खांद्यावर घालून घालून मला उकडायलंय."

त्याने पहिली अंथरली. लाल, जरीच्या काठाची. तिच्यापुढं निळी. चाक पहिल्या शालीवर चढलं, थोडं दबलं, आणि पुढं गेलं. मागची उचलायची नाही, असं आक्कांनी बजावलं. शेवटची शाल रॅम्पच्या उद्घाटनाची होती, मी ओळखली. ती त्यांनी पाण्याला लागून अंथरायला लावली आणि खुर्ची तिच्यावर नेऊन ब्रेक लावला. पुढची छोटी चाकं पाण्यात होती.

मल्लाप्पाने मोबाईल काढला. "टीचर, इकडं बघा. एक फोटो."

"ठेव आत," आक्का म्हणाल्या.

मी डब्याची पिशवी उघडायला घेतली. छत्री कुठं रोवावी, ऊन कुठून येतं, ते बघू लागले. आक्कांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "झालं काय तुझं?"

"झालं."

"मग जावा दोघं. गाडीत बसा."

"एकट्याच?"

"लुमाण्णा हाय की बांधावर. म्हशी हाईत. जावा. आल्यावर सांगतो काय काय बघितलं ते."

आक्कांना पाण्याच्या काठाला एकटं सोडणं माझ्या यादीत नव्हतं. तरी आम्ही गेलो. टेम्पोत बसलो. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, अंबाडा, आणि त्यांच्या मागं चिखलात एका ओळीत पडलेले सगळे सत्कार. त्यांच्यापुढचं काही दिसत नव्हतं. त्या कधी मान डावीकडं वळवायच्या, कधी वर. तिकडं काहीतरी असणार. मल्लाप्पा सीटवर चुळबुळत होता. "काय बघालत्यात वो बाई?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मला काय माहीत.

मग एक म्हैस पाण्यातून बाहेर आली आणि सरळ निळ्या शालीवर जाऊन उभी राहिली, खुर्चीच्या अगदी मागं. मल्लाप्पाने दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. दाराचा आवाज तिथवर गेला असावा. आक्कांनी मागं वळून बघितलं नाही. फक्त हात वर केला आणि तळवा खाली दाबला. वर्गात मध्येच उभ्या राहिलेल्या पोराला बसवायचा तो हात.

मल्लाप्पाने पाय आत घेतला, दार लावलं, आणि आम्ही दोघं बसून राहिलो.